भौतिकशास्त्राच्या फळ्यासमोर कोण उभं राहतं?

तिरुवैयारु हे नाव मराठी वाचकाच्या कानावर आलं असेल तर त्यागराजांमुळे. तंजावरपासून अर्ध्या तासावर, कावेरीच्या काठी त्यांची समाधी आहे. दर पौष वद्य पंचमीला तिथे मोठमोठे गवई एकत्र बसून गातात. ती समाधी बांधून काढली बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी बाईने, आणि तेव्हा बायकांना तिथे गायला मज्जाव होता. गावात 1881 पासूनचं एक कॉलेज आहे. ते संस्कृतसाठी सुरू झालं, तमिळ तिथे नंतर आली. भौतिकशास्त्रातल्या पीएच.डी.साठी मी या भागात आलो आणि खोली तिरुवैयारुत घेतली, कारण भाडं तंजावरपेक्षा कमी. संगीताशी माझा संबंध लाउडस्पीकरपुरता.

मी सोलापूरकडचा कैकाडी. माझ्या आजीचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला, तारेच्या कुंपणाआड. गुन्हेगार जमाती कायद्यातून आमची सुटका झाली 31 ऑगस्ट 1952 ला. आजी फोक सोलून टोपल्या विणायची आणि घरात कैकाडी बोलायची, जी तमिळच्या जवळची भाषा आहे. इथल्या बसमध्ये एक बाई पोराला ‘तण्णी’ देते म्हणाली तेव्हा मी वळून बघितलं. पाण्याला आमच्या घरात हाच शब्द आहे.

सांगायचं आहे ते वेगळंच. मला भौतिकशास्त्र शिकवायचं आहे. संशोधक झालो तर चांगलंच, पण मुळात शिकवायचं आहे. हे आपल्या माणसांत बोलून दाखवलं की एकच उत्तर येतं, ‘एवढी हुशारी आहे तर एमपीएससी का नाही करत?’ ते प्रेमापोटी येतं आणि त्यामागे हिशोबही आहे. तरी मला ते पटत नाही. तहसीलदार झालेला आपला माणूस एका तालुक्याला दिसतो. अकरावीच्या वर्गात न्यूटनचे नियम शिकवणारा आपला माणूस दर वर्षी शंभर पोरांना दिसतो, आणि त्यातल्या काहींना पहिल्यांदाच कळतं की हा विषय आपल्यातल्या कुणाला येऊ शकतो. समाजशास्त्रात, मराठीत, इतिहासात आपण भांडून जागा केली. भौतिकशास्त्राच्या स्टाफरूममधली आडनावं मात्र अजून फारशी बदललेली नाहीत.

तंजावरची एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली. सरफोजी दुसरे (1777 ते 1832) हे इथले भोसले राजे. युरोपातून पुस्तकं आणि विज्ञानाची उपकरणं मागवणारे, नवविद्या शिकवणारी शाळा चालवणारे. त्यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक आहे. त्यात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगत फिरणारी कुरवर बाई, इंद्राणीला सगळ्या जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, नद्या. आधुनिक ज्ञान मराठीत शिकवण्याचे जे अगदी सुरुवातीचे प्रयत्न झाले त्यांतला हा एक, आणि त्यात शिक्षिका आहे भटक्या जमातीची बाई! पण ती रंगमंचावर. तिचे शब्द राजाने लिहिलेले. खऱ्या कुरवरांना पुढे इंग्रजांनी मद्रास इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं, जसं मुंबई इलाख्यात आम्हाला. सरफोजींचं कौतुक करणारे लेख पुष्कळ वाचले. ही विसंगती त्यांतल्या एकातही दिसली नाही.

दुसरी गोष्ट रामन यांची. जन्म 1888, तिरुचिरापल्ली, इथून दीडेक तासाच्या अंतरावर. नोबेल 1930. त्यांचे वडील गणित-भौतिकशास्त्राचे कॉलेजातले शिक्षक. घरात पुस्तकं होती, प्रश्न विचारायला माणूस होता. रामन यांची प्रतिभा मी नाकारत नाही. पण ‘जिद्द असली की झालं’ असं आपल्या पोरांना सांगताना हे घर कुणी दाखवत नाही. त्याउलट मेघनाद साहा. छोट्या दुकानदाराचा मुलगा, खालची मानलेली जात, कलकत्त्याच्या हिंदू हॉस्टेलमध्ये पंगतीला शेजारी बसू न दिलेला. तारे किती तापले की त्यांतले अणू किती आयनित होतात हे सांगणारं त्यांचं समीकरण 1920 चं. पुढे 1923 ते 1938 ते अलाहाबादला प्राध्यापक होते आणि श्रीवास्तव यांच्यासोबत त्यांनी उष्णतेवर पाठ्यपुस्तक लिहिलं, ज्यावर कितीतरी पिढ्या बी.एस्सी. झाल्या. एम.एस्सी.ला मी साहांचं समीकरण सोडवलं, पंगतीची गोष्ट मात्र मला वर्गाबाहेर कळली.

आता पदवीबद्दल. तीन वर्षं बी.एस्सी., दोन वर्षं एम.एस्सी. या पाच वर्षांत मला एकदाही खडू हातात देऊन ‘हे समजावून सांग’ असं कुणी म्हटलं नाही. गणितं सोडवायची, प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायची, तोंडी परीक्षेत घाबरायचं. ज्यांच्या घरी शिक्षक असतो ते समजावून सांगण्याची भाषा जेवताना शिकतात. आपल्याला ती पदवीत मिळायला हवी, आणि नेमकी तीच तिथे नसते. बी.एस्सी.ला पट्टी वाकवून यंगचा गुणांक काढायचं प्रॅक्टिकल असतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग वडिलांचा धंदा. यंगच्या गुणांकावर एकही प्रश्न नाही. मला येत होतं. ओली फोक वाकते आणि तशीच राहते, वाळलेली उलटून येते किंवा मोडते, एवढं लवचीकतेचं ज्ञान माझ्या आजीच्या बोटांत होतं. ते विचारलंच गेलं नाही.

भाषेचंही तसंच. तमिळनाडूत अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची पाठ्यपुस्तकं तमिळमध्ये आहेत. विषयाला ‘इयर्पियल’ म्हणतात. माझ्या घरमालकिणीची मुलगी त्यातून अभ्यास करते आणि आईला वाचूनही दाखवते. तमिळ माध्यमातून शिकलेल्यांना सरकारी नोकरीत 20 टक्के प्राधान्य देणारा कायदा इथे 2010 चा आहे. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी आणि अकरावी सायन्सला पाऊल टाकलं की एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी. पोर विषयात नापास होत नाही, भाषेत होतं, आणि घरी सांगतं की मला सायन्स जमत नाही. इंग्रजी नको असं मी म्हणत नाही, इंग्रजी हवीच. पण जो शिक्षक ‘मोमेंटम’ म्हणजे ‘संवेग’ आणि संवेग म्हणजे उतारावरून सुटलेली भरलेली बैलगाडी, असं तिन्ही पायऱ्यांनी सांगू शकतो, तो बहुतेक वेळा आपल्यासारख्या घरातूनच आलेला असतो.

नोकरीची वाट मात्र काट्यांची आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी 2023 पासून नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. पण नेट काढून पुढे काय? तासिका तत्त्व. तासाचे पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. कायम जागा निघाली तर संस्थाचालकांचा ‘आकडा’ कुजबुजत कळतो.

रोस्टरचं गणितही समजून घ्या, ते आपल्याच विषयाला सर्वात जास्त लागतं. मार्च 2018 मध्ये यूजीसीने विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरायला सांगितलं. तेरा बिंदूंच्या त्या यादीत चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची, चौदावी जमातीची. भौतिकशास्त्र विभागात सहा जागा असतील तर अनुसूचित जातीला शून्य, जमातीला शून्य, आणि सगळं नियमानुसार. रस्त्यावर उतरल्यावर मार्च 2019 मध्ये अध्यादेश आला, मग कायदा झाला, आणि केंद्रीय संस्थांत पुन्हा संपूर्ण संस्था एकक झाली. आंदोलनात विज्ञानवाले थोडे होते याचं मला अजून वाईट वाटतं. माझी जात तर विदर्भात अनुसूचित जाती, सोलापुरात विमुक्त जाती, केंद्राच्या यादीत ओबीसी. अर्ज भरताना कुठला रकाना, हे आधी नीट वाचून घ्या.

शाळेत शिकवायचं असेल तर एक गोष्ट धाकट्या भावंडांना बारावीतच सांगा. बी.एस्सी. आणि मग दोन वर्षांचं बी.एड. म्हणजे पाच वर्षं. एकत्रित बी.एस्सी.-बी.एड. चार वर्षांचं असतं. एनसीईआरटीची भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था महाराष्ट्रासाठीही आहे, तिथे ते होतं. प्रवेश परीक्षा बारावीनंतर लगेच असते. मला हे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं, तेही रेल्वेत शेजारी बसलेल्या एका केरळी मुलीकडून.

आणि जे आत्ता बी.एस्सी., एम.एस्सी.ला आहेत त्यांनी विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा की आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांनी शिकवायचा. पाच-सहा सह्या पुरतात. आमच्या रविवारच्या ऑनलाइन गटात आम्ही हेच करतो. बारा जण आहोत, एक जण शिकवतो, बाकीचे अकरावीचे विद्यार्थी होऊन अडवतात. सध्या उष्मागतिकी चालू आहे आणि एन्ट्रॉपीवर तीन रविवार गेलेत, कारण पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवून सुटायचं नाही असा नियम आहे.