उशाशी बसलेल्यांची विचारपूस

घरात कोणी अंथरुणाला खिळले की समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते. शहाळी येतात, मोसंबी येतात, कोणी एखाद्या वैद्याचा पत्ता आणतो, कोणी देवाचा अंगारा आणतो. रुग्णाला काल झोप लागली काय, आज दोन घास पोटात गेले काय, याची आस्थेने चौकशी होते. ज्या बाईने ते दोन घास भरविले आणि ज्या झोपेसाठी स्वतःची झोप मोडली, ती त्या वेळी आत या मंडळींसाठी चहा टाकीत असते. तिला झोप लागली काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. यात कोणाचा दुष्टावा नसतो. शुश्रूषा ही घरातल्या घरात आपोआप होणारी गोष्ट आहे, अशी आपली समजूत असते, एवढेच. ही समजूत आता सोडली पाहिजे, असे आम्हांला निक्षून सांगावेसे वाटते. कारण तिची किंमत उशाशी बसलेली एक व्यक्तीच नव्हे, तर रुग्णासह सारे घर मोजीत असते.

गोव्यापुरते बोलावयाचे, तर हा प्रश्न उद्याचा नसून आजचा आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११.२ टक्के भरले. केरळ सोडल्यास अन्य कोणत्याही राज्यात ते एवढे नव्हते. देशाची सरासरी तेव्हा साडेआठ टक्क्यांच्या आसपास होती. साडेचौदा लाखांच्या या चिमुकल्या राज्यात त्याच वर्षी एक लाख साठ हजारांहून अधिक वृद्ध होते. दुसरीकडे, २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण जननदर १.३ आढळला, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दीड मूलही नाही. १९६१ नंतर खेडोपाडी आरोग्य केंद्रे निघाली, रस्ते पोचले, माणसांचे आयुष्य वाढले, ही मुक्त गोव्याची कमाईच होय. परंतु वाढलेल्या आयुष्यातील अखेरची वर्षे कोणी कोणाच्या आधाराने काढावयाची, याचा विचार त्याच गतीने झाला नाही. मुलगा आखातात किंवा बोटीवर, मुलगी पुण्याला किंवा बंगळूरला, आणि गावच्या मोठ्या घरात दोन वृद्ध जीव व फार तर एखादी सून, हे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही. जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या घरातही राबल्या त्या बायकाच, आणि त्यांतही विधवा अधिक राबल्या. पण तेथे रात्री जागण्याची पाळी लावता येत असे. आजच्या घरात पाळी लावावयास दुसरे माणूसच नसते.

हे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हेही आकड्यांनी सांगता येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरच्या माणसांची देखभाल करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. देखभाल करणारी स्त्री त्यासाठी दिवसाचे सरासरी १४० मिनिटे देते, पुरुष ७४ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे, हे खरे. पण पक्षाघाताच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशेजारी ज्यांनी काही महिने काढले आहेत, त्यांना असल्या सरासरीचे हसूच येईल. हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. ते दोन तास रात्रीचेही असतात. स्नान, मलमूत्र, औषधांच्या वेळा, पथ्याचे वेगळे रांधप, आणि त्यात घरची इतर कामे चुकत नाहीत. ऐंशीच्या घरातल्या पत्नीला पंचाहत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांवर... नव्हे, स्वतःच्याच दुखऱ्या गुडघ्यांवर उभे राहून उचलणारे वृद्ध पतीही आमच्या परिचयाच्या घरांत आहेत. त्यांची कहाणी तर कोणत्याच हिशेबात येत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या घरातील दुःख याहून वेगळे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, हा विकार आहे. या रुग्णाला आपण जेवलो हेच आठवत नाही. मग सून मला उपाशी ठेवते, माझे दागिने तिनेच चोरले, असे तो दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. हे त्या रोगाचे लक्षण असते. परंतु शेजारी ते खरे मानतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, गोव्यातच केलेल्या एका अभ्यासात असे दिसून आले होते, की लोक या अवस्थेकडे रोग म्हणून पाहत नाहीत. एक तर म्हातारपणी असे व्हावयाचेच असे म्हणतात, किंवा मुलांनी आबाळ केली, माया केली नाही, म्हणून असे झाले असा ठपका ठेवतात. दिवसरात्र राबावे आणि वर गावाने आबाळीचा आरोप करावा, यापरते एकाकीपण कोणते?

अशा घरात शुश्रूषा करणाऱ्याच्या मनात काय चालते, ते उघड बोलले जात नाही, म्हणून आम्ही ते येथे लिहितो. एकच प्रश्न विसाव्यांदा ऐकल्यावर संताप येतो. तोंडून कठोर शब्द जातो आणि रात्रभर त्याची खंत जाळते. आता हे सुटतील तर बरे, असा विचार क्षणभर मनात येऊन जातो आणि आपण किती पापी, या जाणिवेने माणूस आतल्या आत खचतो. या विचारात पाप नाही. तो थकलेल्या मनाचा उद्गार असतो, आणि जिवापाड सेवा करणाऱ्यांच्याच मनात तो येतो. ज्यांनी पाठ फिरविली, त्यांना तो शिवतही नाही. आपल्याकडे सेवेला पुण्य म्हणतात. ते म्हणावेच. पण पुण्यवान म्हणून गौरव करावयाचा आणि त्या गौरवाच्या मोबदल्यात त्या व्यक्तीला एकटे सोडावयाचे, ही आपली सोयीस्कर रीत झाली आहे. पुंडलिकाची कथा आपण भक्तिभावाने सांगतो. त्या कथेत सेवेत गुंतलेल्या माणसाच्या दारी प्रत्यक्ष देव आला आणि त्याला सवड होईपर्यंत विटेवर तिष्ठत उभा राहिला. सेवा करणाऱ्याचा वेळ देवानेही मानला, हा तिचा अर्थ आपण का विसरतो?

शुश्रूषा करणाऱ्यांना आमचे प्रथम सांगणे हे, की स्वतःच्या प्रकृतीकडे पाहणे हा स्वार्थ नव्हे. रक्तदाबाची स्वतःची गोळी चुकविणे, स्वतःची तपासणी पुढे ढकलणे, जेवण उभ्याउभ्या उरकणे, यांतून सेवेत भर पडत नाही. उलट एका रुग्णाचे दोन रुग्ण होतात. दिवसातला एखादा तास आपला म्हणून राखावा, मग तो देवळात जावो, फिरण्यात जावो की नुसता निजण्यात जावो. मनातले बोलता येईल असे एक तरी माणूस धरून ठेवावे. सवड मिळूनही झोप येत नसेल, कारणावाचून रडू येत असेल, रुग्णावर हात उगारला जात असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र वैद्यकीय मदत घेण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला देते. तेथे जाण्यात वा बोलण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

परंतु एवढा उपदेश करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. विश्रांती घे, असे सांगणारे पुष्कळ असतात. तू विश्रांती घे, तोवर मी बसतो, असे म्हणणारा विरळा. मनःस्वास्थ्याची गोष्ट अखेर तासांच्या हिशेबावर येऊन ठेपते, आणि ते तास दुसऱ्या कोणी तरी द्यावे लागतात. गोव्यातील भावंडांना आम्ही येथे थोडे स्पष्ट बोलू इच्छितो. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या दिवाणी कायद्याने मुलगे आणि मुली यांना वारशात समान हक्क दिला, याचा आपल्याला अभिमान आहे. इस्टेटीच्या वाटणीच्या वेळी सारे वारस परगावाहून हजर राहतात. शुश्रूषेच्या वाटणीला तेवढे एकटी सून किंवा अविवाहित बहीण हजर असते. चतुर्थीला गावच्या घरी पाच दिवसांसाठी येणाऱ्यांनी वहिनीला उपचारांचे चार सल्ले देण्याऐवजी त्या पाच रात्री आपल्याकडे घ्याव्यात. ज्यांना येता येत नाही, त्यांनी पगारी मदतनीस बाईचा खर्च उचलावा. देवस्थान समित्या, भजनी मंडळे आणि महिला मंडळे उत्सवाच्या कामांची पाळी बिनबोभाट लावतात. वाड्यावरील दोन-तीन घरांत आठवड्यातून एक दुपार बसण्याची पाळी त्यांना लावता येणार नाही, असे आम्हांला वाटत नाही.

सरकारचे कर्तव्य याहून मोठे आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला आणि त्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. ते योग्यच झाले. पण जो सांभाळ करतो आहे, त्याला आधार देण्याची कल्पना त्या कायद्याच्या केंद्रस्थानी नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र विनावेतन शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांची स्पष्ट व्याख्या आहे आणि अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी परिचारक भत्त्याचा उल्लेखही आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांची घरी शुश्रूषा करणाऱ्यांना महिना ६०० रुपयांचे साहाय्य ठरविले आणि २००८ साली वेदनाशामक परिचर्येचे स्वतंत्र धोरण आखून ती सेवा घरोघरी नेली. सहाशे रुपयांत काही होत नाही, हे खरे. पण हे काम आहे, हे तेथील सरकारने मान्य केले.

यासाठी दूर केरळातच पाहावयास हवे, असेही नाही. ‘संगथ’ संस्थेच्या आश्रयाने डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जावे, रोग समजावून सांगावा, रुग्णाच्या विचित्र वागण्याला कसे तोंड द्यावे ते शिकवावे, घरच्यांचे ऐकून घ्यावे, एवढेच त्याचे स्वरूप. रोग बरा झाला नाही. तो होणारही नव्हता. पण सहा महिन्यांत शुश्रूषा करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य लक्षणीय सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा मनस्ताप घटला. आपल्याच मातीत सिद्ध झालेला हा उपाय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नित्याच्या कामाचा भाग झाला पाहिजे. जोडीला, प्रोव्हेदोरियाच्या वृद्धाश्रमांत पंधरा दिवसांपुरती रुग्णाची सोय करणाऱ्या काही खाटा राखून ठेवाव्यात, म्हणजे थकलेल्या घराला उसंत मिळेल. तालुक्याच्या गावी वृद्धांसाठी दिवसा चालणारी केंद्रे काढावीत. केंद्र सरकारच्या सेवेतील मातांना मुलांच्या संगोपनासाठी एकंदर ७३० दिवसांची रजा मिळते. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी तशी वेगळी रजा असू नये, याला काय अर्थ आहे?

यांपैकी एकही मागणी अवाच्या सवा नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात ती सहज सामावेल आणि घरच्या माणसांकडून तर पैशांपेक्षा वेळच मागावयाचा आहे. आज दुसऱ्याच्या उशाशी बसलेली व्यक्ती आणखी वीस वर्षांनी स्वतः त्या अंथरुणावर असेल. तोवर तिची प्रकृती आणि तिचे मन शाबूत राहावे, यासाठी काय करावयाचे ते तिच्या आप्तांनी, गावाने आणि सरकारने आजच ठरविले पाहिजे.