घरातील बरणी : साठवण आणि पालट

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण मुलांना लहानपणीच शिकवितो. परंतु साचलेले पाणी वाहते न ठेविल्यास त्यावर शेवाळ चढते, हे सांगावयास विसरतो. सुट्या नाण्यांसाठी घरोघरी ठेविल्या जाणाऱ्या बरण्यांविषयी मला हेच म्हणावयाचे आहे.

आमच्या मातोश्रींनी लोणच्याची एक रिकामी चिनी मातीची बरणी या कामी योजिली होती. बाजारातून उरलेले दहा, वीस, पंचवीस पैसे त्या नेमाने तीत टाकीत. त्यांच्या पश्चात ती बरणी आम्ही आठवण म्हणून माळ्यावर ठेविली. सन २०१२ मध्ये घराची रंगसफेदी काढताना ती उघडली, तो बहुतेक नाणी निरुपयोगी! पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली होती. २९ जूनपर्यंत बँकांत ती बदलून मिळत होती. पण माळ्यावरील बरणीची आठवण कोणास झाली? आईने पै-पै करून जमविलेले आमच्या आळसाने वाया गेले, ही खंत आजही मनात आहे.

आपण धान्याचे व्यापारी गोदामात असे कधी करतो काय? जुनी थप्पी आधी काढावी, मग नवी रचावी, हा आपला नियम. तो चुकला की तळच्या पोत्यांस सोंडकिडा लागतो. नाण्यांचा किडा म्हणजे महागाई. बरणीत पडलेल्या रुपयास व्याज नाही आणि दरवर्षी त्याचे मोल मात्र घटते.

काही तरुण बंधू म्हणतात, आता मोबाईलवरून पैसे देण्याच्या काळात बरणी हवी कशाला? मला वाटते, म्हणूनच ती अधिक हवी. पडद्यावरील आकडा कमी झालेला मुलास जाणवत नाही. हातातील नाणे मात्र जाणवते. माझा नातू दहा-दहा नाण्यांच्या चळती रचून हिशेब करतो, तेव्हा त्याला गणित आणि संयम हे दोन्ही धडे एकदम मिळतात.

म्हणून माझी सूचना अशी. बरणी काचेची असावी, म्हणजे साठा डोळ्यांसमोर राहील. पत्र्याच्या झाकणास फट पाडून तिच्या कडा कानशीने घासाव्या. दरवर्षी दीपावलीच्या वहीपूजनापूर्वी ती मुलांकडून मोजवून घ्यावी व रक्कम वहीत मांडावी. एका व्यवहारात नाण्यांनी एक हजार रुपयांपर्यंतचेच देणे कायद्याने स्वीकारावे लागते. तेव्हा फार साठू देऊ नये. सुट्यांअभावी गिऱ्हाइकाच्या हाती चॉकलेट ठेवणाऱ्या पेठेतील किरकोळ दुकानदारास ती नाणी देऊन नोटा घ्याव्या. दोघांचीही सोय होते.

आलेल्या रकमेतून काही भाग मुलाच्या हाताने दान करवावा. उरलेली रक्कम त्याच्या खात्यावर भरावी. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास टपाल कचेरीत स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते.

परिग्रहास मर्यादा असावी, हे आपण प्रवचनात ऐकतो. ती मर्यादा बरणीच्या गळ्यापासून सुरू करण्यास काय हरकत आहे? भरणे ही अर्धी बचत. वेळेवर रिती करणे ही उरलेली अर्धी होय.