कर्बतंतूंची गाडी

पुण्याकडे निघालेल्या बहुतेक आगगाड्या कर्जतच्या स्थानकावर थोड्या अधिक थांबतात आणि त्यांना मागून जादा इंजिनें जोडण्यांत येतात, हें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. १८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग सुरू झाला. त्याची चढण कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट इतकी आहे. भार अधिक म्हणून बळ अधिक, असा हा सरळ हिशेब. परंतु बळ वाढविण्याऐवजीं भारच उतरविला तर? या विचारांतून मुंबईंत जी एक दुर्मिळ मोटार जन्मास आली, तिची हकीकत आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम ती ज्या द्रव्याची घडली तें पाहूं. कर्ब म्हणजे कोळशांतील मूलद्रव्य. एका विशिष्ट कृत्रिम धाग्यास आधीं हवेंत भाजून, मग हवा वर्ज्य करून हजार अंशांहून अधिक उष्णता दिली म्हणजे त्यांतील इतर द्रव्यें बहुतेक निघून जातात व कर्बाचा तंतु उरतो. तो केसाहून बारीक, पण वजनास वजन धरिल्यास पोलादाहून पुष्कळ बळकट असतो. या तंतूंचें कापड राळेंत भिजवून सांच्यांत थरावर थर बसवितात आणि बंद भट्टींत दाब व उष्णता देऊन पक्कें करितात. यांतील बरेंच काम हातानें होतें. म्हणून अशा गाड्या महाग आणि विरळा.

शर्यतीच्या गाडीचा सबंध सांगाडा या द्रव्याचा करण्याचें धाडस इंग्लंडांतील मॅक्लॅरेन कंपनीनें १९८१ सालीं केलें. आघात होतांच त्याचा चुरा होईल, अशी शंका त्या काळीं घेतली जात असे. त्याच वर्षीं इटलींत मोंझा येथें जॉन वॉटसन याची गाडी आदळून तिचें इंजिन तुटून वेगळें झालें. वॉटसन मात्र सुखरूप बाहेर आला. पुढें १९९२ सालीं याच कंपनीनें सामान्य रस्त्यावर चालणारी तशी गाडी दाखविली. शर्यतीच्या धरून अवघ्या १०६ झाल्या, पण १९९५ सालीं तिनें फ्रान्समधील चोवीस तासांची ल मांची शर्यत जिंकली.

आतां मुंबईकडे वळूं. चंकी वझिरानी यांच्या वझिरानी ऑटोमोटिव्ह या कंपनीनें २०१८ सालीं इंग्लंडांत गुडवुड येथें ‘शूल’ नांवाची गाडी मांडली. शिवाच्या आयुधाचें तें नांव ऐकून आम्हांस कौतुक वाटलें. २०२१ च्या डिसेंबरांत ‘एकोंक’ ही विजेवर चालणारी, कर्बतंतूंच्या अंगाची, एकाच आसनाची गाडी पुढें आली. कर्त्यांच्या सांगण्याप्रमाणें भार ७३८ किलो, शक्ति ७२२ अश्वशक्ति, आणि इंदूरजवळील चांचणीमार्गावर गांठलेला वेग ताशीं ३०९ किलोमीटर.

यांतील मर्म असें. विजेच्या गाडीची बॅटरी जड असते व ती तापते. निवविण्यास द्रवाच्या नळ्या घालाव्या तर भार वाढतो, आणि तो वाहण्यास आणखी मोठी बॅटरी लागते. एकोंकच्या कर्त्यांनीं द्रव टाकून हवेनेंच बॅटरी निवविण्याची युक्ति योजिली आणि हें चक्र तोडलें.

एका आसनाची गाडी एकत्र कुटुंबाच्या काय कामाची, असें आजीबाई विचारतील, आणि तें रास्तच आहे. परंतु हलकें अंग व सोपी बॅटरी हे गुण स्वस्त होऊन चार माणसांच्या गाडीपर्यंत उतरले, तर तो लाभ प्रत्येक घराचा होईल.

घरांतील तरुणांस मात्र एक सांगावेंसें वाटतें. तो ३०९ चा आंकडा केवळ चांचणीसाठीं बांधलेल्या मोकळ्या मार्गावरचा आहे. खालापूरचा टोलनाका ओलांडल्यावर द्रुतगति मार्ग घाट चढूं लागतो; तेथें पावसाळ्यांत धुकें दाटतें आणि मालमोटारी मुंगीच्या पावलानें चढत असतात. मैदानांतही मोटारीस ताशीं शंभराची मर्यादा आहे, घाटांत त्याहून कमी. वॉटसनला तारणारें कवच आपल्या घरच्या गाडीस नाहीं, हें चाक हातीं घेतांना ध्यानांत असूं द्यावें.