ड्रमात मुळं लटकवा, सातबारा लटकवू नका



आजची नोंद रानातली नाही, घरातली आहे. पण रानावर बोजा चढायची वेळ आली म्हणून लिहितोय.

परवा भाचा आला होता. हातात रंगीत कागदांची फाईल. "मामा, एरोपोनिक केशर. दहा बाय दहाची खोली बास. माती लागत नाही, रान लागत नाही." एका दिवसाचा क्लास करून आलाय, त्याची फी भरून मोकळा झालाय. आता पुढचं कोटेशन साडेसात लाखाचं, आणि त्यासाठी दोन एकरावर कर्ज काढायचं म्हणतोय. दाजी गप्प बसलेले. बहीण माझ्याकडं बघत होती, कारण घरात ड्रम ठेवून हवेत झाडं वाढवणारा येडा मीच. तिला वाटलं मी पोराच्या बाजूनं बोलेन.

पोराच्या बाजूनंच बोललो. म्हणून भांडण झालं.

आधी एरोपोनिक म्हणजे काय ते सरळ सांगतो. झाडाची मुळं बंद अंधाऱ्या डब्यात मोकळ्या हवेत लटकवायची आणि त्यांच्यावर खत विरघळवलेल्या पाण्याचं बारीक धुकं थोड्या थोड्या वेळानं मारायचं. माती नाही, कोकोपीट नाही. मुळाला हवा आणि पाणी दोन्ही एकाच वेळी मिळतं, म्हणून झाड जोरात चालतं. हे काही कालचं खूळ नाही. वेंट नावाच्या शास्त्रज्ञानं १९५७ सालीच याला एरोपोनिक हे नाव दिलं.

आता भाच्याच्या कागदावरचा फोटो बघा. लाकडी ट्रेमध्ये केशराचे कंद कोरडे मांडलेत, त्यातनं जांभळी फुलं आलीत. मुळं नाहीत, धुकं नाही, पंप नाही. कंद आपल्या पोटातल्या साठ्यावर फुलतोय, बस्स. आपल्या कांदाचाळीत आषाढात कांद्याला मोड येतात. त्याला आपण एरोपोनिक कांदा म्हणतो काय?

एवढ्यावर थांबलो नाही, हिशेब मांडला. एक ग्रॅम वाळलेलं केशर व्हायला साधारण दीडशे फुलं लागतात. चांगला दहा ग्रॅमचा कंद एक ते तीन फुलं देतो, आपण दोन धरू. म्हणजे ग्रॅमला पंच्याहत्तर कंद, वजनानं पाऊण किलो. कागदावर लिहिलंय पहिल्याच वर्षी एक किलो केशर. त्याला साडेसातशे किलो कंद पाहिजेत. आणि त्याच कोटेशनमध्ये, दुसऱ्या पानावर, कंद किती? शंभर किलो. त्यातनं सगळं जमून आलं तरी सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या वर जात नाही. हे गणित सातवीचं पोरगं करील. आमचा भाचा बी.एस्सी. ॲग्री आहे.

बरं, कंद फुलायला गारवा लागतो, पंधरा-सतरा अंशाचा. पांपोरला ऑक्टोबरमध्ये तो आभाळातनं फुकट मिळतो. आपल्याकडं ऑक्टोबरमध्ये काय मिळतं ते सांगायला नको. म्हणजे खोलीला जाड थर्माकोल, दिवसरात्र एसी, आणि वीजबिल भाच्याच्या नावावर. फुलं झाली की कंद परत मातीत लावून काही महिने पोसावा लागतो, तेव्हा त्याला पिल्लं धरतात. त्याला लांब थंडी पाहिजे. इथं फेब्रुवारी उजाडला की ऊन चटकायला लागतं. मग कंद बारीक होत जाणार आणि पुढच्या वर्षी नवे विकत घ्यावे लागणार. कुणाकडनं? ज्यांनी क्लास घेतला त्यांच्याकडनंच. पीक कुणाचं निघतंय बघा.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मग तुम्ही तरी ड्रम कशाला बांधलाय?"

प्रश्न बरोबर आहे. म्हणून ड्रमाची गोष्ट सांगतो, फसलेली सुद्धा.

पहिला ड्रम मी कूलरच्या पंपावर बांधला. शेडनेटचे फॉगर घरात पडून होते, ते लावले. धुकं काही पडेना, नुसतं टिप टिप. फॉगरला तीन-चार किलो प्रेशर पाहिजे आणि कूलरचा पंप पाणी दोन मीटर चढवतो तेवढाच, म्हणजे पाव किलोसुद्धा नाही. सोलापुरात मोटारीच्या दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, "काय बे काका, कूलरच्या पंपावर ट्रॅक्टर धुताय काय?" बरोबर बोलला.

मग डोक्यात आलं की प्रेशरचा पंप आपल्या प्रत्येकाच्या घरात टांगलेला असतो. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप. बारा व्होल्टची मोटर, आत डायाफ्राम, बॅटरी, चार्जर, सगळं तयार. टाकी फुटली म्हणून कोपऱ्यात पडलेला एक जुना पंप खोलला. मोटर काढली, जाळीचा फिल्टर लावला, पुढं बारीक पाइप आणि सहा मिस्ट नोझल. दोनशे लिटरचा निळा ड्रम अर्धा कापला, बाहेरनं काळा रंग दिला, कारण आत उजेड गेला की शेवाळ धरतं. झाकणाला बारा भोकं, त्यात तळाला छिद्रं पाडलेले प्लॅस्टिकचे पेले, देठाभोवती स्पंजचा तुकडा. पंधरा सेकंद चालू, पाच मिनिटं बंद, असा टायमर. पंप घरचा असल्यामुळं सगळा खर्च दोन हजाराच्या आत बसला.

आणि आठव्या दिवशी पालकाची पानं दोरीसारखी पिळली. दोन दिवस रोग शोधत बसलो, एका दुकानदार मित्रानं तर व्हायरसचं औषधही सुचवलं. मग आठवलं, त्या पंपानं मागच्या साली ज्वारीवर तणनाशक मारलं होतं. टू-फोर-डी. मोटरीत आणि पाइपात राहिलेला एवढासा अंश. मातीत असता तर कदाचित कळलंही नसतं, इथं मुळावर सरळ धुकं. तेव्हा तणनाशकाचा पंप घेऊ नका, कितीही धुतला तरी घेऊ नका.

पाण्याचं दुखणं वेगळं. माझ्या बोअरच्या पाण्याचा ईसीच १.९ भरतो. पालेभाजीला एकूण द्रावण दीडच्या आसपास पाहिजे. म्हणजे खताचा दाणा टाकायच्या आधीच ताट भरलेलं. नोझल चार दिवसात पांढरं होऊन बसायचं. आता पावसाचं पाणी पत्र्यावरनं गोळा करून ठेवतो, संपलं की फिल्टरच्या पाण्याचा जार.

खताचं तर आपण शेतकरी म्हणून लाज वाटावी असं झालं. मी काय केलं, ठिबकला सोडतो तसं १९:१९:१९ घातलं. झाडं पिवळीच. पुडक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्या एकोणीस टक्के नत्रातलं साडेदहा टक्के युरियाच्या रूपात आहे. रानात जिवाणू त्याचं रूपांतर करून देतात, ड्रमात जिवाणू कुठले? मुळाला समोर अन्न दिसतंय पण पोटात जात नाही. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं यावर आलो तेव्हा पानं हिरवी झाली. कॅल्शियम नायट्रेट दाट द्रावणात सल्फेट-फॉस्फेटबरोबर मिसळायचं नाही, तळाला चुन्यासारखा गाळ बसतो. दोन वेगळ्या बाटल्या, दोन्ही वेगवेगळ्या करून भरपूर पाण्यात. पीएच साडेपाच ते साडेसहा.

सांगायचं काय, माती आपल्या किती चुका पोटात घालते ते मला पन्नाशीत त्या ड्रमानं दाखवलं. रानात खत चुकलं तर पंधरा दिवसांनी कळतं, तेही शेजाऱ्याचा ऊस बघून. इथं तिसऱ्या दिवशी पानाचं टोक करपतं. झाकण उचललं की मूळ पांढरं आहे का तपकिरी झालंय ते डोळ्यानं दिसतं. आमच्या भागात ठिबकनं बेसुमार खत सोडणारे कमी नाहीत, मीही सोडायचो. कृषी सहायकाच्या दहा भाषणांनी जे झालं नाही ते त्या बारा पेल्यांनी केलं.

पण त्याचीच दुसरी बाजू ऐका. मागच्या मे महिन्यात वळीव झाला, संध्याकाळी तार तुटली ती लाईट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तेव्हा माझा पंप बॅटरीवर नव्हता, घरच्या लाईटवर ॲडॉप्टर लावून चालवत होतो. सकाळी पालक झोपलेला, मुळं सुतळीसारखी वाळलेली. रानात एक पाळी चुकली तर काळी माती आठवडाभर सांभाळते, मुरमाड असली तरी दोन-चार दिवस काढते. ड्रमात उन्हाळ्याच्या दिवसात तास-दोन तास. बास. तेव्हापासून मोटर परत बॅटरीवर, चार्जर कायम जोडलेला. पंधरा सेकंदच चालत असल्यामुळं जुनी बॅटरीसुद्धा एक दिवस सहज ओढते.

आणि उष्णता. पत्र्याच्या खोलीत द्रावण चौतीस अंशावर गेलं, मुळं चिकट तपकिरी झाली, वास यायला लागला. मग ड्रम जुन्या माळवदाच्या खोलीत हलवला आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. आजोबांच्या मातीच्या धाब्यानं जे केलं ते पत्र्याला जमलं नाही. उजेड कमी पडतो म्हणून वर दोन एलईडी ट्यूब. पुदिना झकास येतो, तुळस येते, मनी प्लांट तर काहीही न करता येतो. डाळिंबाच्या दहा काड्या लावून बघितल्या, दीड महिन्यात सहांना मुळं सुटली. हे मला जास्त कामाचं वाटतंय, पुढच्या खेपेला नीट नोंद ठेवून करणार आहे.

यातनं पैसा? कोथिंबिरीची जुडी पाच रुपयाला पडत असताना ड्रमातल्या पालकाचं दुकान मांडायचं का, तुम्हीच सांगा. पाणी ९० टक्के वाचतं म्हणतात. वाफेनं आणि निचऱ्यानं जाणारं वाचतं हे खरं, पण झाड स्वतः पितं ते पितंच. आणि खोली गार ठेवायला कूलर लावला तर त्यातनं उडणारं पाणी कुणी मोजत नाही.

मग हे तंत्र खोटं आहे का? अजिबात नाही, आणि हे आमच्या म्हाताऱ्या मंडळींना मुद्दाम सांगतो, जी "मातीशिवाय कसली शेती" म्हणून हसतात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं यावर बटाट्याचं बियाणं तयार करायची पद्धत बसवली. रोगमुक्त रोप हवेत लटकवायचं, बोराएवढे मिनी कंद येतील तसे तोडत राहायचे. एका रोपापासून पस्तीस ते साठ मिळतात, जुन्या पद्धतीत आठ-दहा मिळायचे. हरियाणात कर्नालजवळ शामगढच्या केंद्रात हे चालतं, मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये ग्वाल्हेरसाठी करार केला. पण तिथं विकलं जातं ते बियाणं, नगावर. ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा मागं आहे, लाईट गेली तर जनरेटर आहे, आणि तो मिनी कंद शेवटी मातीतच वाढवला जातो. महागाचं तंत्र महागाच्या कामाला लावलंय. क्लासवाले त्या संस्थेचे फोटो दाखवतात आणि विकतात मात्र भलतंच.

माझा राग पोरांवर नाही. कांद्यानं दोन वर्षं मारलं, डाळिंब तेल्यानं गेलं, मुलगी द्यायला कुणी तयार नाही. अशा पोराला कुणी एसीच्या खोलीतली शेती दाखवली तर तो जाणारच. राग त्यांच्यावर आहे जे हे हेरून फाईल छापतात. आणि थोडा कृषी पदवीधर मंडळींवर. तुम्हाला ईसी कळतो, युरिया कुठं चालत नाही हे कळतं, मग गावातलं पोरगं कर्जाचा कागद घेऊन फिरतंय तेव्हा "मार्केट आहे म्हणे" एवढंच का बोलता? कोटेशनचं दुसरं पान वाचायला पाच मिनिटं लागतात.

भाच्याला मी दोन अटी घातल्यात. कोटेशन देणाऱ्याला विचार, मागच्या वर्षी ज्यानं हे घेतलं त्याची केशर विकल्याची पावती आणि ऑक्टोबरचं वीजबिल दाखवतोस का. आणि माझ्याकडचा दुसरा जुना पंप घेऊन जा, हा कीटकनाशकाचाच आहे, तोही चार वेळा धुवून घे. बारा भोकांचा ड्रम बांध आणि मार्च ते जून चार महिने एकही झाड न मारता चालव. चालला तर मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येतो.

पंप नेलाय त्यानं. पावतीबद्दल तिकडनं अजून फोन आलेला नाही.

कुणाला ड्रम बघायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर घरी या, दिवसा मी रानात असतो. येताना आपल्या बोअरचं पाणी बाटलीत घेऊन या, मीटर आहे, ईसी मोजून देतो.