बटाट्याच्या नऊ फोडी

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलें, कीं थोड्याच वेळांत तिला पाणी सुटतें. हा अनुभव इतका नित्याचा आहे, कीं त्यांत विचारण्याजोगें कांहीं असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु घरांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें 'हें पाणी आलें कोठून?' असें विचारलें, तर 'मिठानें पाणी सुटतेंच' एवढें सांगून त्या बालकाची बोळवण करूं नये. प्रश्न चांगला आहे. आणि त्याचें उत्तर वडीलधाऱ्यांच्या शब्दावर न सोडतां प्रत्यक्ष बटाट्याकडूनच मिळवितां येतें.

एक मोठा, टणक बटाटा सोलून त्याच्या सारख्या लांबीच्या व जाडीच्या नऊ फोडी कराव्या. तीन वाट्यांत सारखें पाणी घ्यावें. एकींत कांहींच घालूं नये. दुसरींत दोन चमचे मीठ विरघळवावें. तिसरींत पांच चमचे साखर. प्रत्येक वाटींत तीन फोडी टाकाव्या, आणि काय होईल याविषयींचा आपला अंदाज आधींच वहींत लिहून ठेवावा. नाहींतर मागाहून 'मला हें ठाऊकच होतें' असें म्हणण्याचा मोह कोणास आवरत नाहीं. दोन तासांनीं फोडी काढून पट्टीनें मोजाव्या. मिठाच्या व साखरेच्या पाण्यांतील फोडी मऊ व किंचित् आखूड झालेल्या आढळतील. साध्या पाण्यांतील उलट अधिक ताठ होतील.

यांतील प्रत्येक बारकाव्याला कारण आहे. साध्या पाण्याची वाटी नसती, तर 'भिजल्यामुळेंच बटाटा मऊ पडला' असें कोणीहि म्हटलें असतें. साखरेची वाटी नसती, तर हा मिठाचाच विशेष गुण ठरला असता. सर्व फोडी एकाच बटाट्याच्या, कारण दोन बटाटे कधींच अगदीं सारखे नसतात. आणि प्रत्येक वाटींत तीन, कारण एकच फोड योगायोगानेंहि फसवूं शकते. बाकी सर्व सारखें ठेवून एकच गोष्ट बदलावयाची, हा प्रयोगाचा पहिला नियम होय.

आतां या प्रकाराचें मूळ पाहूं. बटाटा असंख्य पेशींचा बनलेला असतो, आणि प्रत्येक पेशीभोंवतीं एक पटल असतें. मिलिमीटरच्या सुमारें एक लक्षांश जाडीचें हें पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचें असून त्यांत ठिकठिकाणीं प्रथिनें बसविलेलीं असतात. पाण्याला तें वाट देतें. मिठाला व साखरेला सहजासहजीं देत नाहीं. त्यामुळें ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूस पाणी ओढलें जातें. यालाच परासरण म्हणतात. बिटाच्या फोडी नीट धुऊन गार पाण्यांत ठेवल्या, तर रंग फारसा उतरत नाहीं. कढत पाण्यांत मात्र तो भराभर उतरतो, कारण उष्णतेनें हीं नाजूक पटलें मोडतात.

पाणी पटलांतून इतक्या त्वरेनें कसें जातें, हें कोडें दीर्घकाळ उरलें होतें. अमेरिकेंतील पीटर ॲग्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं तें उकललें. बेडकाच्या कांहीं अंडपेशींकडून त्यांनीं एक विशिष्ट प्रथिन तयार करविलें आणि त्या विरल द्रावणांत सोडल्या. त्या झपाट्यानें फुगून फुटल्या. तें प्रथिन नसलेल्या अंडपेशी मात्र जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. तें प्रथिन म्हणजे पाण्याची वाट! ॲग्री यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पाहिलें, तर त्यांची रचना आपल्या वाट्यांसारखीच होती: एकींत बदल, दुसरी तुलनेसाठीं.

बटाट्यावरून आपल्याच मुंबईच्या एका विदुषीची आठवण होते. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला भागवत, पुढें सोहोनी, यांनीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं, त्या स्त्री आहेत म्हणून, तो नाकारला. कमलाबाईंनीं आग्रह सोडला नाहीं. तेव्हां पहिलें वर्ष परीक्षेवर राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्या परीक्षेंत त्या पूर्णपणें उतरल्या. पुढें केंब्रिजमध्यें बटाट्यावर काम करीत असतां वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हें श्वसनास आवश्यक प्रथिन असतें, हें त्यांनीं दाखविलें आणि १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. हें प्रथिन पेशींतील तंतुकणिकांच्या आंतल्या पटलाशींच आपलें काम करीत असतें. नंतर फोर्टांतील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें त्यांनीं जीवरसायनशास्त्र शिकविलें व त्या संस्थेच्या संचालकहि झाल्या.

ज्या शास्त्रज्ञांनीं आयुष्यभर तुलनेवांचून निष्कर्ष काढला नसेल, त्यांनींच स्त्रीची बुद्धि मात्र न तपासतां मोजली होती. 'स्त्रियांना संशोधन जमत नाहीं' हें अनुमान काढतांना किती स्त्रियांना प्रयोगशाळेचें दार उघडून पाहिलें होतें? प्रयोगाची शिस्त बटाट्यापुरती ठेवून भागत नाहीं. माणसांविषयीं मत बनवितांना ती अधिकच हवी.

म्हणून या रविवारीं सुरी, पट्टी आणि वही घरांतील मुलामुलींच्या हातीं सारखीच द्यावी. आणि पुढें कधीं 'मुलींना हें जमावयाचें नाहीं' असें कोणी म्हणालें, तर नम्रपणें एवढेंच विचारावें, कीं तुलनेची वाटी कोठें आहे?