पाळकाच्या पत्नीचा जमाखर्च

एखाद्या गावातील चर्चच्या पाळकांची पत्नी निवर्तली, म्हणजे तिच्या स्मरणार्थ भरणाऱ्या सभेत काही विशेषणे हटकून कानी येतात. ती प्रेमळ होती, सोशीक होती, पतीच्या कार्यात सावलीसारखी उभी राहिली. ही विशेषणे खोटी असतात असे नाही. परंतु सभा आटोपून घरी जाणाऱ्या श्रोत्याला त्या बाईने आयुष्यभर नेमके काय केले हे विचारले, तर त्याला ते सांगता येत नाही. सावलीचा हिशेब कोण ठेवतो?

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक जुने कोडे आठवते. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने विवाह केला तर देशाचे मोजले जाणारे उत्पन्न घटते. काम तेच राहते, फक्त पगार थांबतो आणि म्हणून ते काम हिशेबाबाहेर जाते. पाळकाच्या पत्नीच्या बाबतीत हे कोडे अधिकच बिकट होते. मंडळी वेतन देते ते एकाला, आणि काम घेते ते दोघांचे. आल्यागेल्याचा स्वयंपाक, आजाऱ्याची विचारपूस, मुलांची रविवारची शाळा, रुसलेल्या घरांतील समेट या सर्व गोष्टी तिने कराव्यात अशी अपेक्षा असते. मात्र मंडळीच्या वार्षिक जमाखर्चात त्यासाठी रकाना नसतो.

हा रकाना स्वतः आखणारी एक स्त्री मराठीत होऊन गेली, हे आपले भाग्य म्हटले पाहिजे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचे सोवळे अत्यंत कडक. शाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही, अक्षरओळख झाली ती पतीकडून. पती नारायण वामन टिळक हे प्रतिभावान कवी, परंतु व्यवहारात कमालीचे बेफिकीर. आपल्या विदर्भातही, नागपूरला, या दांपत्याचा संसार काही काळ झाला. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची भूमीच सरकली. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांत काढली. पुढे त्या पतीकडे परत गेल्या, पण धर्मांतर लगेच केले नाही. जातिभेद देवाने निर्माण केला काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडविला आणि मगच 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या केवळ पतीच्या मागून गेल्या असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

टिळक 1904 मध्ये रेव्हरंड झाले. अहमदनगरच्या वास्तव्यात टिळकांचे घर हे जवळजवळ सार्वजनिक घर होते. कवी येत, विद्यार्थी येत, निराधार येत, आणि हाती आलेला पैसा टिळक सढळ हाताने वाटून टाकीत. दानाचे श्रेय देणाऱ्याला मिळते, पण दान दिल्यानंतर उरलेल्या पैशात घर चालविण्याची विद्या कोणाची असते? बालकवी ठोंबरे या घरात राहिले ते लक्ष्मीबाईंच्या मायेच्या छायेत. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करण्यासही त्या मागे राहिल्या नाहीत. 1919 मध्ये टिळक वारले. त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे नेण्याचे काम या कधीही शाळेत न गेलेल्या स्त्रीने अंगावर घेतले आणि त्यात 64 अध्यायांची भर घातली.

चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र सिद्ध करावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले. त्यातून निर्माण झाली 'स्मृतिचित्रे'. ती 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि 1936 मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. पतीचे चरित्र लिहावयास बसलेल्या या बाईंच्या हातून स्वतःचेच चरित्र उतरले. त्यात भांडणे आहेत, उपासमार आहे, स्वतःची फजिती आहे आणि पतीवर अपार प्रेमही आहे. विशेषणे मात्र फार थोडी आहेत. आज टिळकांच्या कविता आपण आदराने वाचतो, आणि टिळक माणूस म्हणून कसे होते हे जाणून घेण्यासाठी लक्ष्मीबाईंकडेच जातो.

योगायोग असा की, त्याच 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचे कार्य आपल्या वर्ध्यातील मगनवाडीतून सुरू झाले. त्याची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती आणि अर्थशास्त्राचे पंडित होते. 1945 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी अर्थव्यवस्थांची जी प्रतवारी लावली, तीत सर्वांत वरचे स्थान सेवेच्या अर्थव्यवस्थेला दिले. पिलांना चारा भरविणारी पक्षीण हे त्यांचे उदाहरण. ती मोबदल्याची अपेक्षा करीत नाही. विचार थोर आहे. तथापि त्यात एक धोकाही संभवतो. सेवा करणाऱ्याने मोबदला मागू नये, हे सेवा करणाऱ्याचे व्रत होऊ शकते, पण सेवा घेणाऱ्याने ती मोजूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

हा प्रश्न एका धर्माचा नाही. कीर्तनकाराची पत्नी, खेड्यातील शिक्षकाची पत्नी, आश्रमातील कार्यकर्त्याची पत्नी यांची स्थिती फारशी निराळी नसते. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या पुरुषांची संख्याही स्त्रियांच्या मानाने फारच थोडी. ही मिनिटे मोजली गेली हेही कमी नाही. पण मिनिटांमागचे माणूस मोजणीत येत नाही. त्यासाठी आठवणीच लिहाव्या लागतात.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या परिसरात अशी एखादी वृद्ध स्त्री असेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसावे. किती माणसांचा स्वयंपाक होता, दुष्काळात काय शिजले, कोणाच्या बाळंतपणाला ती धावली, पगार न आलेल्या महिन्यात घर कसे चालले, हे विचारून लिहून ठेवावे. चर्चच्या मंडळींनीही आपल्या वार्षिक अहवालात अशा कामाची नोंद करण्यास हरकत नसावी, आणि पाळकांच्या पश्चात त्यांच्या पत्नीच्या निर्वाहाची तरतूद करणे हे तर मंडळींचे कर्तव्यच मानले पाहिजे. शोकसभेतील हार दुसऱ्या दिवशी सुकतात. बाई हयात असताना भरलेली वही मात्र पुढच्या पिढीच्या हाती पडते, आणि ती वाचणाऱ्याला कोणाचे ऋण आपल्यावर आहे हे नावानिशी कळते.