परत न करावयाचे कर्ज

कर्ज म्हणजे परतफेडीचे वचन, हे बँकेच्या काउंटरच्या अलीकडे वा पलीकडे बसणाऱ्या कोणासही सांगावयास नको. तथापि परतफेडीचा विचार ना देणाऱ्याच्या मनात, ना घेणाऱ्याच्या, अशी कर्जे ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे वाटली गेली. त्यांची करवसुली आजही पुरी झालेली नाही.

योजना साधी होती. कंत्राटी संगणकतज्ज्ञ, अभियंता किंवा परिचारिका यांची नेमणूक एखाद्या मध्यस्थ कंपनीमार्फत दाखविली जाई. ती किमान वेतनाच्या आसपास पगार देई. उरलेली कमाई आइल ऑफ मॅन वा जर्सीसारख्या ठिकाणच्या विश्वस्त निधीकडे वळविली जाई आणि तेथून 'कर्ज' म्हणून त्याच व्यक्तीच्या हाती पडे. कर्जावर आयकर नसतो, एवढेच त्यातील इंगित! कंत्राटदारांसाठी २००० साली कडक नियम आल्यानंतर या योजनांचा प्रसार वाढला.

२०११ साली कायद्याने हा मार्ग अडविला. २०१७ मध्ये रेंजर्स फुटबॉल क्लबच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्त निधीकडे वळविलेली रक्कम ही कमाईच होय, असा निर्णय दिला. त्याआधी २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला 'कर्ज-आकार' एप्रिल २०१९ मध्ये लागू झाला. वीस वर्षांची थकीत कर्जे एकाच वर्षाचे उत्पन्न मानली गेल्याने कराचा दरही चढला. सुमारे पन्नास हजार लोक या कात्रीत सापडले. सर अमायस मॉर्स यांच्या अहवालानंतर ९ डिसेंबर २०१० पूर्वीची कर्जे वगळण्यात आली. परंतु तोवर अनेक संसार कोलमडले होते. या प्रकरणाशी निगडित दहा आत्महत्यांची नोंद झाली आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते, कर देय होता यात शंका नाही. त्याच रुग्णालयात नियमित पगारावर पूर्ण कर भरणाऱ्या परिचारिकेस दुसरा न्याय कसा लावणार? आपल्याकडेही १९६१ च्या आयकर कायद्याने मोजक्या भागधारकांच्या कंपनीने आपल्या मोठ्या भागधारकास दिलेले कर्ज काही अटींवर लाभांशच मानले. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही.

प्रश्न आहे तो वसुलीच्या न्याय्यतेचा. योजना विकणाऱ्यांनी आपले शुल्क घेतले आणि ते बाजूला झाले. कराचे ओझे मात्र सल्ल्यावर विसंबलेल्यांवर पडले. रे मॅकॅन यांच्या २०२५ च्या अहवालानंतर ब्रिटिश सरकारने तडजोडीची नवी वाट खुली करण्याचे ठरविले. तीत त्या त्या वर्षीच्या दराने आकारणी, योजनाचालकांच्या शुल्कापोटी वजावट, विलंब-व्याजाची माफी आणि आणखी पाच हजार पौंडांची सूट आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ज्यांनी घर गहाण ठेवून आधीच रक्कम भरली, त्यांना हा लाभ नाही. एकरकमी तडजोडीच्या वेळी नियमित हप्ते भरणारा खातेदार जी खंत व्यक्त करतो, तीच येथेही आहे.

या दृष्टीने आपल्या २०२० च्या 'विवाद से विश्वास' योजनेचे तत्त्व अधिक स्वच्छ वाटते: मूळ कर भरावा, व्याज व दंड माफ व्हावेत. सवलत द्यावयाचीच तर ती मुद्दलात नसावी आणि आधी भरणाऱ्यासही तिचा वाटा मिळावा. योजनाचालकांकडील वसुली तर सर्वप्रथम व्हावयास हवी.

आपल्या खातेदारांची अनेक मुलेमुली आज परदेशी कंत्राटी नोकरीत आहेत. पगाराच्या पावतीवर 'कर्ज' हा शब्द आढळल्यास त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: याची मुदत किती आणि हप्ता केव्हा? उत्तर मिळाले नाही, तर ती रक्कम उत्पन्नच समजावी आणि तिच्यावरील कर त्याच वर्षी भरून मोकळे व्हावे.